मित्राच्या मळ्यात टायगर आजारी पडला, तर बिल कोणाचं?

एप्रिल-मे हे देवळ्याकडचे दोन कामांचे महिने. उन्हाळ कांदा काढून चाळीत भरायचा आणि लग्नांना हजेरी लावायची. दोन्ही कामं एकदमच अंगावर येतात आणि त्यातलं एकही टाळता येत नाही. पूर्वी कुत्रं मळ्यावरच असायचं, राखणीला. त्यामुळे घरच्यांना गावाला जाताना त्याचा विचार करावा लागत नसे. आता ते गावातल्या घरात, पंख्याखाली झोपतं. मग त्याला कुठे ठेवायचं, हा प्रश्न पत्रिका हातात पडल्यापासून सुरू होतो.

एक कल्पित प्रसंग घेऊ. देवळ्यातल्या एका कुटुंबाला पुतणीच्या लग्नाला चार दिवस पुण्याला जायचं आहे. घरात टायगर नावाचा बारा किलोचा गावठी कुत्रा. वाखारीकडे मळ्यात राहणारा शाळेपासूनचा मित्र म्हणतो, "आणून सोड ना इकडे. मोकळं रान आहे, राहील चार दिवस." टायगर राहतो. मंडळी परततात आणि त्याला घरी आणतात. दुसऱ्या दिवशी टायगर अन्नाला तोंड लावत नाही. हिरड्या पांढुरक्या दिसतात, लघवी तपकिरी होते. नाशिकला नेतात, तपासण्या होतात, सलाइन लागतं आणि बिल काही हजारांवर जातं. डॉक्टर विचारतात, "यानं कांदा खाल्लाय का?" मित्राला फोन जातो. त्याला आठवतं, चाळ भरताना निवडून टाकलेला कांदा खळ्यात पडलेला होता आणि पोरं खेळताना त्यातलाच एकेक टायगरपुढे टाकत होती.

मालकाला पैशांचा विषय काढायची लाज वाटते, मित्राला तो न काढल्याची. दोन्ही घरांत मात्र रात्री जेवताना बोलणं होतंच. "एवढा विश्वासानं ठेवला होता" असं एकीकडे आणि "फुकट सांभाळलं, वर आमच्यावरच" असं दुसरीकडे. यात बरोबर कोण, हे ठरवायला कायदा लागतो. पण कायद्याच्या आधी लागतो रक्ताचा एक थेंब.

कांद्यानं कुत्र्याला काय होतं?

ज्या तालुक्याचा हिशेब कांद्याच्या भावावर चालतो, तिथे कांदा विषारी आहे असं म्हणणं धाडसाचं. माणसासाठी तो नाहीच. कुत्र्या-मांजरांची गोष्ट वेगळी.

कांदा चिरला किंवा चावला की त्यातून गंधकाची काही संयुगं तयार होतात. आपल्या डोळ्यांत पाणी आणणारं द्रव्य त्याच कुटुंबातलं. कुत्र्याच्या पोटातून यांपैकी काही संयुगं रक्तात उतरतात आणि तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतात. हिमोग्लोबिन म्हणजे प्राणवायू वाहून नेणारं प्रथिन. ते बिघडलं की त्याच्या गुठळ्या होऊन पेशीच्या आवरणाला आतून चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या या गुठळ्यांना हाइन्झ बॉडीज म्हणतात. अशा पेशी काही वेळा रक्तातच फुटतात, काही वेळा प्लीहा त्यांना खराब समजून काढून टाकते. पेशी कमी झाल्या की हिरड्या पांढऱ्या पडतात. फुटलेल्या पेशींमधलं हिमोग्लोबिन मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि लघवीला तपकिरी रंग येतो.

माणसाच्या पेशींमध्ये हा हल्ला परतवणारी यंत्रणा बरीच भक्कम असते, कुत्र्याच्या पेशींत ती दुबळी आणि मांजराच्या त्याहूनही दुबळी. पशुवैद्यकात सांगितलं जाणारं ढोबळ प्रमाण असं: कुत्र्याच्या दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तर रक्तात लक्षात येण्याजोगा बिघाड होतो, मांजराला दर किलोमागे ५ ग्रॅमही पुरतो. म्हणजे बारा किलोच्या टायगरला १८० ते ३६० ग्रॅम. दोन-तीन मध्यम कांदे झाले. शिजवून, तळून किंवा वाळवून हा दोष जात नाही. लसूणही याच जातीचा.

इथे एक शंका देवळ्यातला प्रत्येक माणूस काढेल: "आमची कुत्री तर रोज रश्शात कुस्करलेली भाकरी खातात, त्यांना कुठे काय होतं?" शंका रास्त आहे. रश्शातून जाणारा कांदा बहुधा या मर्यादेच्या बराच खाली असतो, आणि पेशी थोड्याफार बिघडल्या तरी शरीर नव्या तयार करतं. कुत्रा हिंडता-फिरता राहतो. म्हणूनच गावात कोणाचा यावर विश्वास बसत नाही. हा अविश्वास पुढे कायद्याच्या बाजूनं महत्त्वाचा ठरणार आहे, तो ध्यानात ठेवावा.

दुसरी अडचण वेळेची. कांद्याचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. पेशी बिघडायला लागतात, पण अशक्तपणा आणि तपकिरी लघवी साधारण तीन ते पाच दिवसांनी दिसते. तोवर पाहुणा कुत्रा आपल्या घरी परतलेला असतो. मित्राला वाटतं, "माझ्याकडून गेला तेव्हा धडधाकट होता." मालकाला वाटतं, "माझ्याकडून गेला तेव्हाही धडधाकट होता." दोघंही खरं बोलत असतात.

गोचीड की कांदा?

पांढऱ्या हिरड्या आणि तपकिरी लघवी हे दुखणं एकट्या कांद्याचं नाही. बबेसिया नावाचा एकपेशीय परजीवी गोचिडाच्या चाव्यातून कुत्र्याच्या रक्तात जातो, तांबड्या पेशींत शिरतो आणि त्या फोडतो. पशुपालक गोचीडताप म्हणतात, त्यातलाच हा एक. बाहेरून पाहिलं तर कांद्यानं आजारी पडलेला कुत्रा आणि बबेसियानं आजारी पडलेला कुत्रा यांत फरक करणं कठीण.

रक्ताची काच मात्र फरक सांगते. पेशींत परजीवी दिसले तर दोष गोचिडाचा. हाइन्झ बॉडीज दिसल्या तर संशय कांद्यावर. आणि गोचीड ठरला, तर तो कोणाच्या दारचा हेही दिवसांच्या हिशेबानं बरंच कळतं. बबेसियाची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दहा दिवस ते तीन आठवडे जातात. टायगर मळ्यात चारच दिवस होता आणि पाचव्या दिवशी आजारी पडला. तेव्हा तो गोचीड मळ्यातला असण्याची शक्यता फारच कमी, घरून नेलेला असण्याची जास्त.

उंदराच्या औषधाचंही असंच आहे. झिंक फॉस्फाइडची काळी पूड पोटात गेली की तिथल्या आम्लाशी मिसळून फॉस्फिन वायू होतो आणि काही तासांत कुत्रा गंभीर होतो. ब्रोमाडायोलोनच्या वड्या मात्र रक्त गोठण्याची क्रिया हळूहळू बंद पाडतात. नाकातून, हिरड्यांतून रक्त यायला तीन ते पाच दिवस लागतात. पहिल्यात वेळ जवळजवळ मिळतच नाही, दुसऱ्यात 'के' जीवनसत्त्व वेळेवर दिलं तर कुत्रा वाचतो. द्राक्षं आणि बेदाणे हा नाशिक जिल्ह्याचा आणखी एक मामला. त्यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं एक ते तीन दिवसांत बंद पडतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती द्राक्षं बाधतील याचा अंदाज बांधता येत नाही.

सांगायचं असं की "तुझ्याकडे असतानाच झालं" हे वाक्य कितीही ठासून म्हटलं तरी पुरावा होत नाही. नुकसान अमुक गोष्टीमुळेच झालं हे दाखवण्याची जबाबदारी भरपाई मागणाऱ्यावर असते, आणि इथे ते दाखवण्याचं साधन प्रयोगशाळेत आहे.

ताबा कोणाचा?

समजा काचेवर हाइन्झ बॉडीज दिसल्या आणि कांदा नक्की झाला. आता कायदा.

आपण दळणाचा डबा गिरणीत ठेवून घरी येतो. गहू आपलाच राहतो, पण दोन तास तो गिरणीवाल्याच्या ताब्यात असतो आणि काम झालं की त्यानं तो आपल्यालाच परत द्यायचा असतो. मालकी एकाकडे, ताबा दुसऱ्याकडे आणि परतीची बोली. या नात्याला भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये 'बेलमेंट' म्हटलं आहे. कलम १४८ पासून १७१ पर्यंत त्याचाच विचार आहे. कुत्रा मित्राकडे सोडून जाणं हे याच नात्यात बसतं. कायद्याच्या हिशेबात कुत्रा ही जंगम मालमत्ता. हे ऐकायला बरं वाटत नाही, मलाही वाटत नाही. पण याच कलमांखाली इंग्रजांच्या मसुदाकारांनी दिलेली उदाहरणं घोड्यांची आणि गाईची आहेत, तेव्हा जनावरं यात येतात याबद्दल वाद नाही.

त्यातलं गाईचं उदाहरण गमतीचं आहे. एकानं गाय दुसऱ्याकडे सांभाळायला ठेवली आणि तिथे ती व्याली, तर वासरूही मूळ मालकाला द्यायचं, वेगळा करार नसेल तर (कलम १६३). आपल्याकडे शेळ्या अर्धलीनं द्यायची रीत आहे. पिल्लांची वाटणी आधीच बोलून ठेवलेली असते, म्हणजे कायदा ज्याला वेगळा करार म्हणतो तो तोंडी का होईना झालेला असतो.

पण लक्षात घ्या, हे सगळं ताबा गेला असेल तरच. तुम्ही टायगरला घेऊन मित्राकडे जेवायला गेलात, तो तुमच्या पायाशी बसला आणि तुमच्या डोळ्यांदेखत खळ्यातला कांदा खाऊ लागला, तर ताबा तुमचाच. मित्रानं फक्त एवढं पाहायचं, की आपल्या आवारात पाहुण्याला दिसणार नाही असा धोका नसावा: झाकण नसलेली जुनी विहीर, मोटारीची उघडी वायर, कोपऱ्यात ठेवलेलं उंदराचं औषध. असा धोका त्यानं सांगितला नाही तर हलगर्जीपणा त्याचा. सांगूनही तुम्ही पट्टा सोडलात, तर दोष दोघांत वाटला जातो आणि भरपाई तेवढी कमी होते.

फुकट सांभाळलं, तरीही?

"मी एक रुपया घेतला नाही" हा मित्राचा मुद्दा माणुसकीच्या बाजूनं वजनदार आहे. कायद्यात त्याचं वजन कमी भरतं. लंडनमध्ये १७०३ साली कॉग्ज विरुद्ध बर्नार्ड हा खटला गाजला. एकानं दुसऱ्याची ब्रँडीची पिंपं एका तळघरातून दुसऱ्या तळघरात नेऊन द्यायचं कबूल केलं, मजुरी न घेता. हलवताना निष्काळजीपणामुळे पिंप फुटलं आणि ब्रँडी वाहून गेली. मुख्य न्यायाधीश होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं की फुकट का होईना, काम अंगावर घेतलं की काळजी घेणं आलं.

भारतीय कायदा आणखी सरळ आहे. कलम १५१ पैसे घेणारा आणि न घेणारा असा भेदच करत नाही. सांभाळणाऱ्यानं तेवढी काळजी घ्यायची, जेवढी सामान्य शहाणपणाचा माणूस तशाच परिस्थितीत आपल्या तसल्याच वस्तूची घेईल. आणि तेवढी काळजी घेतली असेल, तर वस्तूचं काहीही झालं तरी तो जबाबदार नाही, असं कलम १५२ सांगतं. वेगळा करार असेल तर गोष्ट निराळी.

फुकट सांभाळणाऱ्याच्या बाजूनंही एक कलम आहे, आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. मोबदला न घेता जो सांभाळतो त्याचा आवश्यक खर्च मालकानं भरून द्यायचा (कलम १५८). टायगरला मळ्यात त्याच्याच जुन्या दुखण्यानं झटका आला, मित्रानं रात्री गाडी काढून दवाखाना गाठला, तर पेट्रोल आणि बिल मालकाच्या खात्यावर. "मला न विचारता एवढा खर्च कशाला केलास" हे ऐकून घ्यायची मित्राला गरज नाही.

पैसे घेऊन कुत्री ठेवणाऱ्या जागांचा मार्ग वेगळा. त्यांच्याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार करता येते. मोफत दिलेली सेवा त्या कायद्यात येत नाही, त्यामुळे मित्राला ग्राहक आयोगात खेचता येणार नाही. बरंच आहे ते.

सामान्य शहाणपणाचा माणूस देवळ्यात राहतो

सगळा वाद येऊन ठेपतो तो कलम १५१ मधल्या या माणसावर. तो पशुवैद्य नाही आणि बेफिकीरही नाही. त्याला काय माहीत असायला हवं?

उंदराचं औषध जनावराला मारतं, हे त्याला माहीत असतंच. चाळीत ते उघडं ठेवून टायगरला मोकळं सोडलं आणि त्यानं खाल्लं, तर मित्र जबाबदार. "मला कल्पना नव्हती" हे चालणार नाही. कीटकनाशकांचंही तेच. फोरेट, म्हणजे गावाकडे थायमेट म्हणून ओळखलं जाणारं दाणेदार औषध, ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झालं. त्याची उरलेली पिशवी कुणाच्या शेडमध्ये पडून असेल आणि तिच्यापायी पाहुणा कुत्रा गेला, तर बचाव आणखीच अवघड.

कांद्याची गोष्ट वेगळी. आयुष्यभर कुत्र्यांना रस्सा-भाकरी खाऊ घालणाऱ्या, त्यांना काही झालेलं न पाहिलेल्या शेतकऱ्यानं कांदा विष आहे असं समजावं, ही अपेक्षा मला वाजवी वाटत नाही. खळ्यात कांदा पडलेला असणं हे मे महिन्यातल्या मळ्याचं नेहमीचं रूप. तो उचलून ठेवला नाही म्हणून हलगर्जीपणा, असं म्हणायला जीभ रेटत नाही. शहरातला, स्वतः कुत्रा पाळणारा आणि त्याला नियमित डॉक्टरकडे नेणारा मित्र असता तर उत्तर बदललं असतं.

आणि एकच वाक्य सगळं उलटं करतं. निघताना मालकानं सांगितलं असेल, "कांदा-लसूण देऊ नकोस, डॉक्टरांनी नाही सांगितलंय," तर मित्राला आता माहीत आहे. त्यानंतर पोरांनी कांदे टाकले आणि कोणी हटकलं नाही, तर काळजी कमी पडली. याउलट मालकाला डॉक्टरांनी बजावलं होतं आणि त्यानं मित्राला सांगितलं नाही, तर बिल मागताना त्याची बाजू लंगडी. सांगण्याचं हे ओझं कायद्यानं मालकावर स्पष्टपणे टाकलं आहे. आपल्या जनावरात दोष आहे हे माहीत असून लपवला आणि त्यानं सांभाळणाऱ्याला इजा झाली, तर भरपाई मालकाची (कलम १५०). तिथलं उदाहरण खोडील घोड्याचं आहे. आज त्याच्या जागी पोरांना चावणारा कुत्रा वाचावा.

[चौकट]
सोडून जाताना सांगायचं ते
खाण्यातलं काय चालत नाही: कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट. काय आणि किती चालतं तेही.
चावतो का, पळतो का, कशाला घाबरतो. फटाक्यांना किंवा लग्नाच्या बँडला घाबरून दोर तोडणारी कुत्री पुष्कळ असतात.
लस कधी झाली, औषध कोणतं चालू आहे, नेहमीच्या डॉक्टरांचा फोन.
तुम्ही फोन उचलला नाही तर कितीपर्यंत खर्च करायचा.
हे मेसेजमध्ये लिहून पाठवावं. पुढे "सांगितलं होतं, नव्हतं" होत नाही.
काही विषारी खाल्लं असं वाटलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नये, मीठच बाधू शकतं. काय, किती, कधी खाल्लं ते लिहून डॉक्टरांना फोन करावा. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२.
[चौकट समाप्त]

बिबट्या आला तर

नाशिक जिल्ह्यात राहून बिबट्याला वगळता येत नाही. मळ्यात ओट्यावर बांधलेलं कुत्रं बिबट्यानं नेलं, ही आपल्याकडे ऐकिवात असलेली गोष्ट. पाहुणा कुत्रा असा गेला तर?

हा प्रश्न १८७२ पेक्षा फारच जुना आहे. जुन्या धर्मशास्त्रांत भांडणांचे अठरा प्रकार मोजले होते, त्यांतला एक 'स्वामिपालविवाद', म्हणजे जनावरांचा मालक आणि त्यांना चारणारा गुराखी यांच्यातला तंटा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात त्याचे नियम आहेत. ज्या ग्रंथाचं महाडला १९२७ मध्ये दहन झालं, त्याच्याबद्दल वाचकाचं मत काहीही असो. गुराख्याबद्दलचा हा विचार मात्र आजच्या वकिलानं केल्यासारखा आहे. दिवसा जबाबदारी गुराख्याची, रात्री जनावर मालकाच्या गोठ्यात असेल तर मालकाची. जनावर हरवलं किंवा खड्ड्यात पडून मेलं आणि गुराख्यानं हातपाय हलवले नाहीत, तर भरपाई त्याची. चोरांनी जबरदस्तीनं नेलं आणि त्यानं लगेच खबर दिली, तर नाही. लांडगा आला आणि गुराखी वाचवायला धावला नाही, तर दोष त्याचा. पण कळप एकत्र, नीट चरत असताना लांडग्यानं अचानक झडप घातली, तर नाही. जनावर मेलं तर गुराख्यानं कान, कातडी, शेपूट असं काही मालकाला आणून दाखवायचं. जनावर विकून मेल्याचा बहाणा करणारे तेव्हाही असणार.

आजच्या कायद्यात तेच निकष वेगळ्या शब्दांत आहेत. गेल्या आठवड्यात शेजारच्या वस्तीवर बिबट्या दिसला होता, सगळ्यांना माहीत होतं, तरी टायगरला रात्री बाहेर बांधून ठेवलं, तर सामान्य शहाणपणाच्या माणसानं असं केलं नसतं. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. पण आजूबाजूला कुठेच चाहूल नव्हती, मित्राचा स्वतःचा कुत्राही तिथेच झोपत होता, तर कलम १५२ मित्राला वाचवतं. शेपूट आणून दाखवण्याऐवजी आता त्यानं काय झालं ते पटण्यासारखं सांगायचं असतं. वस्तू ज्याच्या ताब्यात होती त्यालाच घटना माहीत असते, म्हणून खुलाशाचा भार त्याच्यावर. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चं कलम १०९ याच तत्त्वावर आहे. गप्प बसणारा मित्र इथे हरतो. पोरांनी कांदा टाकला हे फोनवर लगेच सांगणाऱ्या आपल्या मित्रानं टायगरचा जीव वाचवायला मदत केली आणि स्वतःची बाजूही मजबूत केली.

काळजी घेऊनही जबाबदार

एक प्रकार असा आहे, की काळजी घेऊनही सुटका नाही. ठरलं त्यापलीकडे वापर केला, तर. कलम १५४ खालचं उदाहरण: एकानं मित्राला घोडा दिला, फक्त त्याच्या स्वतःच्या रपेटीसाठी. मित्रानं तो घरातल्या दुसऱ्याला बसायला दिला. त्या माणसानं सांभाळूनच चालवला, तरी घोडा पडला आणि जखमी झाला. भरपाई मित्राची. दुसरं उदाहरण कलकत्त्याहून बनारसला जायला भाड्यानं घेतलेल्या घोड्याचं. घेणारा निघाला कटकला, आणि वाटेत घोडा पडला. तिथेही तेच.

टायगरला हे लावायचं तर: "मळ्यातच ठेव, रस्त्यावर नेऊ नकोस," असं बजावलं असताना मित्राच्या मुलानं त्याला विंचूर-प्रकाशा महामार्गाच्या कडेनं फिरवायला नेलं आणि पिकअपचा धक्का बसला. मुलानं दोर घट्ट धरला होता हे इथे फारसं उपयोगाचं नाही. मुळात तिथे जायचंच नव्हतं.

मित्राच्या कुत्र्यानं पाहुण्याला चावलं, तर त्याच्या कुत्र्याची खोड त्याला आधीपासून माहीत होती का, हा पहिला प्रश्न. "दुसरं कुत्रं दिसलं की अंगावर जातो" हे माहीत असून दोघांना एकत्र सोडलं, तर उत्तर सोपं आहे.

पोलिसांत जावं का?

राग असतो तेव्हा पहिला विचार हाच येतो. अपघातासाठी मात्र हा रस्ता नाही.

मुंबईत मरीन ड्राइव्हला एप्रिल २०२० मध्ये खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या दुचाकीखाली भटका कुत्रा आला आणि मेला. दुचाकीस्वारही पडून जखमी झाला. एका श्वानप्रेमी महिलेच्या तक्रारीवरून त्याच्यावर भरधाव वाहन चालवण्यापासून जनावर मारण्यापर्यंतची कलमं लागली. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठानं तो गुन्हा रद्द केला. माणसं कुत्र्या-मांजरांना पोटच्या लेकरासारखं मानतात हे न्यायालयानं मान्य केलं. पण भरधाव वाहनाची ती कलमं माणसाच्या जिवाला धोका निर्माण करण्याबद्दल आहेत, आणि जनावर मारण्याच्या कलमाला हेतू लागतो, असं सांगितलं. विनाकारण गुन्हा नोंदवल्याबद्दल राज्य सरकारनं त्या तरुणाला २०,००० रुपये द्यावेत आणि ते जबाबदार अधिकाऱ्यांच्या पगारातून वसूल करावेत, असाही आदेश झाला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम ३२५ क्रमांकाला आहे. जनावराला मारणं, विष घालणं, अपंग करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या कायद्यात जनावर दहा रुपयांचं की पन्नासचं यावर शिक्षा बदलायची, ती अट आता गेली. हेतू किंवा जाणीव मात्र अजूनही लागते. खोडसाळपणे कोणी मुद्दाम विष घातलं, तर जरूर तक्रार करावी. पोरांनी खेळात टाकलेल्या कांद्यासाठी नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० चं कलम ३ म्हणतं, की जनावर ज्याच्या देखरेखीत असेल त्यानं त्याची नीट काळजी घ्यावी. यात मित्रही आला. पण त्याच कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. आज त्यात दोन चहा येतात.

किंमत कशाची मोजायची?

मित्राची चूक ठरली असं धरून चाला. किती द्यायचं? मालमत्तेच्या हिशेबात बाजारभाव. जर्सी गाय असती तर दाखला घेऊन आकडा काढता आला असता. टायगर गावठी आहे, रस्त्यावरून आणलेला. त्याचा बाजारभाव शून्य. आणि त्याच्यावर खर्च झाले काही हजार. शून्याची वस्तू दुरुस्त करायला हजारो कशाला खर्चले, असा युक्तिवाद प्रतिपक्षाचा वकील करू शकतो, आणि मालमत्तेच्या तर्कात तो चुकीचा नाही.

जर्मनीनं ही अडचण कायद्यात हात घालून सोडवली. १९९० मध्ये तिथल्या नागरी संहितेत कलम ९० क घातलं गेलं: प्राणी म्हणजे वस्तू नव्हेत. त्याबरोबर भरपाईच्या कलमात भर घातली, की जखमी प्राण्याच्या उपचारांचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा बराच जास्त झाला, एवढ्यानंच तो अवाजवी ठरत नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या जल्लीकट्टू निकालात प्राण्यांच्या सन्मानानं जगण्याबद्दल पुष्कळ लिहिलं आणि उत्तराखंड उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये त्यांना कायदेशीर व्यक्तीचा दर्जाही दिला. पण करार अधिनियमात उपचाराच्या बिलाबद्दल असं एकही वाक्य आलेलं नाही. ते आलं तर टायगरसारख्यांना न्यायालयातल्या पुष्कळ उदात्त वाक्यांपेक्षा जास्त उपयोग होईल, असं मला वाटतं. तोवर दवाखान्याची पावती हे प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीचं कागदावरचं मोजमाप आहे, आणि वाजवी उपचारांपुरती ती मागता येते. रात्रभर जागून काढल्याचे पैसे मागायला जागा नाही.

आपल्या कल्पित प्रसंगात, मालकानं कांद्याबद्दल सांगितलेलं नव्हतं आणि मित्राला ठाऊक नव्हतं, तर बिल मालकाचं. मित्रानं अर्धं देऊ केलं तर तो त्याचा चांगुलपणा. घेणं न घेणं मालकाच्या हातात. सांगितलेलं होतं, तर ते मित्राचं. यावर एकमत झालं नाही, तर काही हजारांसाठी दिवाणी दावा लावण्यात अर्थ नाही. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेनं गावोगाव समित्या नेमल्या, त्या असल्याच दिवाणी, महसुली नि किरकोळ फौजदारी तंट्यांसाठी. समितीपुढे मिटलं नाही तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून वाद दाखलपूर्व म्हणून लोकअदालतीत ठेवता येतो. त्याला शुल्क लागत नाही. तडजोड झाली की तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो आणि तिच्यावर अपील करता येत नाही. म्हणून सही करण्याआधी दोघांनीही रक्ताचा अहवाल, पावत्या आणि निघतानाचा तो मेसेज समोर ठेवून पुन्हा एकदा वाचावा.